विडा आणि गिऱ्हाईक

विडा उचलणे हा आपल्या भाषेतला मोठा फसवा शब्दप्रयोग आहे. ऐकताना वाटते, तबकातला गोविंदविडा उचलून गालात ठेवायचा, एवढेच काम. परंतु दरबारात ज्याने विडा उचलला त्याने कामगिरी अंगावर घेतली असे समजत. म्हणजे आधी स्वाद आणि मागून श्रम. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलला असे बखरकार सांगतात, आणि त्या विड्याची अखेर आमच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडाखाली, १० नोव्हेंबर १६५९ रोजी कशी झाली हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या विड्यात कात जास्त होता की चुना, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मला मात्र कोणाच्या कामाला होकार दिला की नेमकी तीच शंका येते.

कारण मीही विडे उचलणाऱ्यांपैकीच आहे. माझ्या कादंबऱ्या वाचणारे महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत किती, हे प्रकाशकाच्या हिशेबाच्या कागदावरून मला दर वर्षी कळते आणि त्या दिवशी मी जेवणात गोड घेत नाही. पण माझ्याकडून लिहून नेणाऱ्यांची गणती करू गेल्यास मी महाराष्ट्रातला एक लोकप्रिय लेखक ठरेन. लग्नपत्रिका, मंगलाष्टके, सेवानिवृत्तीची मानपत्रे, देवळाच्या जीर्णोद्धाराचे निवेदन, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावरच्या दोन ओळी, शक्ती-तुऱ्याची गाणी, स्मरणिकेचे 'दोन शब्द' – जे कधीच दोन नसतात – असे सगळे माझ्या ओट्यावर तयार होते. याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. अफझलखानाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला म्हणतात. मला फार झाले तर चहा, आणि मंगलाष्टके असतील तर जेवणाचे आमंत्रण. घोडा मिळाला असता तरी बांधायला जागा नाही, हा भाग वेगळा.

मंगलाष्टकांचे दुःख आधी सांगतो, कारण ते मोजून दाखवता येते. शार्दूलविक्रीडिताच्या एका ओळीत एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा. या एकोणीस अक्षरांच्या कोंदणात गिऱ्हाईकाला आपली सगळी सोयरीक बसवून हवी असते. एका लग्नात वराच्या मामांचे नाव गणपत. ग, ण, प, त – चारही लघू. शार्दूलविक्रीडितात ओळीने तीन लघू येतात, चार कुठेही येत नाहीत. मी मामांचा 'गणेश' केला आणि प्रश्न सोडवला. अक्षता पडल्यावर मामा माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, सगळ्यांची नावं आली, आमचंच तेवढं राहिलं." वृत्तशास्त्र समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती, समोर जिलेबी आली होती.

शक्ती-तुऱ्याची तऱ्हा निराळी. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक गावाचे एक मुंबई-मंडळ असते. गाव येथे डोंगरात आणि मंडळ परळला, लालबागला किंवा आता नालासोपारा-विरारकडे. गाण्याची मागणी तिकडून येते आणि तीही गुरुवारी, शनिवारच्या सामन्यासाठी. एकदा शक्तीवाल्यांनी माझ्याकडून सवाल नेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुरेवाले त्या सवालाचा जवाब मागायला माझ्याच दारात आले. सवाल कोणाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. जवाब लिहिताना मला रात्रभर घाम फुटला आणि माझ्या विद्वत्तेविषयी मला आयुष्यात प्रथमच आदर वाटला.

या गिऱ्हाइकांत एक गोष्ट समान. ओट्यावर बसले की प्रत्येकजण खिशातून, कनवटीतून किंवा चंचीतून काहीतरी काढतो. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी आता माणसाच्या मागणीची जात त्याच्या तंबाखूवरून ओळखतो, आणि माझ्या आवडीनिवडीही त्यावरूनच ठरल्या आहेत.

तंबाखू-चुना खाणारा माणूस हे माझे सर्वांत आवडते गिऱ्हाईक. डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळत राहायचे, मग दोन थापट्या मारून चुरा उडवायचा. या सगळ्यात त्याला काय हवे आहे याचा विचार त्याच्या स्वतःच्याही डोक्यात मळून निघतो. आणि एकदा बार भरला की त्याला बोलता येत नाही. मी सबंध मसुदा वाचून दाखवतो, तो मान डोलावतो. दुरुस्ती सांगायची तर उठून अंगणाच्या कडेला जावे लागते, आणि तेवढ्या श्रमाला योग्य अशा दुरुस्त्या जगात फार थोड्या असतात.

विडीवाला याच्या खालोखाल. विडी सतत ओढावी लागते, नाही तर विझते. तेव्हा तो तुकड्यातुकड्यांनी ऐकतो आणि काडी ओढताना नेमके एक कडवे त्याच्या कानावरून जाते. पण विडीचा वास कसा, पानाचा आणि पाल्याचा. त्यात लपवाछपवी नाही. निपाणीकडची तंबाखू ओढणारा एक म्हातारा पिंपळपारावर बसायचा. त्याच्या धुराने मला परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला हुरूप येत असे.

गुटखेवाल्याचे काय सांगावे! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी पुडी फाडण्याचा तो आवाज काही बंद झालेला नाही. त्या पुडीत सुपारी कसली, तंबाखू कसली, हे कळू नये इतका सुगंध असतो. आणि हा माणूस मागतो तो मजकूरही तसाच. "गुरुजी, जरा सुगंधी करा," असे तो म्हणत नाही, "जरा वजनदार करा," म्हणतो. अर्थ एकच. मग 'कार्यसम्राट', 'दानशूर', 'गोरगरिबांचे कैवारी' असे एकेक थेंब मी त्यात टाकतो आणि मूळ माणूस कसला होता हे कोणाला ओळखू येईनासे होते.

मी स्वतः तपकिरीचा. शाळेच्या फाटकाच्या आत डबी नेत नाही. घरी, रात्री, लिहिताना मात्र ती दौतीच्या जागी असते. तपकिरीत साहित्यिकाच्या उपयोगाचा मोठा गुण आहे. खोटे वाक्य लिहिता लिहिता सणसणीत शिंक येते आणि वाक्य तुटते. पुष्कळदा ते पुन्हा जोडावेसे वाटत नाही.

आणि मशेरी? तिला आवडीच्या यादीत घालणे म्हणजे आजीला यादीत घालण्यासारखे आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि पहाटे बोटाने दातांना लावीत परसात उभे राहायचे. त्या भाजण्याचा ठसका घरभर भरे. आमच्या बाजूच्या बायकांची पहाट त्या ठसक्यानेच उजाडत आली आहे, आणि कित्येकींच्या तोंडात त्याने काय करून ठेवले हे मुंबईला टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून आलेल्या त्यांच्या मुलांना विचारावे.

स्वाद घालण्याची कला काही आजची नाही. तंबाखू पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून जडावाच्या नळीसह अकबराच्या दरबारात नेली. म्हणजे खानाचा विडाही विजापूरचा आणि आग्र्याचा धूरही विजापूरचा! अकबराने दोनचार झुरके घेतले आणि हकीम घाबरला. पुढे जहांगिराने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली हे त्यानंतरच्या चित्रांतले हुक्के मोजले की समजते. हुक्क्याची गुडाखू म्हणजे गुळात मळलेली तंबाखूच. तेव्हा कडू वस्तू गोड करून हाती देण्याचा धंदा आपल्याकडे निदान चारशे वर्षांचा आहे.

हे सगळे मला आठवायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. पोलादपूरच्या पलीकडच्या एका वाडीतला हा मुलगा शाळेत असताना वहीच्या शेवटच्या पानावर सावित्रीचा पूर काढायचा, आणि तो इतका हुबेहूब की पुढची पाने ओली झाल्यासारखी वाटत. आता तो मुंबईत जाहिरातींची चित्रे करतो. गेल्या दिवाळीत भेटायला आला. बोलता बोलता त्याने खिशातून चपटे पेन काढले. अक्षर कसे उमटते पाहावे म्हणून मी हात पुढे केला, तर त्याने ते ओठाला लावले आणि ओट्यावर हापूस आंब्याचा वास सुटला. ऐन कार्तिकात!

"सर, याला वेप म्हणतात," तो जरा ओशाळून म्हणाला.

मग त्याने मला ते यंत्र समजावून दिले. २००३ साली चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने ते काढले. आत एक रस असतो. त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटीन आणि स्वाद. एक बारीक तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. जाळ नाही, राख नाही. आपल्या सरकारने २०१९ साली त्याच्या उत्पादनावर, आयातीवर, विक्रीवर आणि जाहिरातीवर कायद्याने बंदी घातली आहे. म्हणजे जाहिराती करणाऱ्या या मुलाच्या खिशात जाहिरात करता येत नाही अशी एक वस्तू होती. कुठून मिळवतोस, हे मी विचारले नाही. गुरुजनांनी काही प्रश्न विचारायचे नसतात.

"आणि स्वाद किती?"

त्याचा चेहरा खुलला. आंबा त्याच्या सर्वांत आवडीचा. पण तो सुटीतला. काम चालू असताना पुदिना, कारण डोके गार राहते. रात्रीच्या जागरणाला कॉफी. गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेल्यावर कलिंगड, असे का, हे त्यालाही सांगता येईना. "आणि एक तंबाखूचा स्वादही येतो, सर."

"काय म्हणालास? तंबाखूचा स्वाद?"

"हो. म्हणजे त्यात तंबाखूचं पान नसतं. नुसता वास."

"आणि निकोटीन?"

"ते असतं."

मी तपकिरीची चिमूट हातात धरूनच बसलो. वस्तू नाही, वस्तूचा वास आहे. आणि ज्याने माणूस धरून ठेवला जातो ते मात्र जागच्या जागी! वजनदार मजकूर मागणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना जे हवे असते आणि जे त्यांना मी आजवर शब्दांत सांगू शकलो नव्हतो, ते या पोराने एका नळीत भरून आणले होते.

मग तो आपले गाऱ्हाणे सांगू लागला. फराळाच्या डब्यावर घालायला एक चित्र हवे होते. त्याने कोकणातली चूल काढली, चुलीपाशी चकल्या तळणारी म्हातारी काढली. गिऱ्हाईक खूश झाले. फक्त म्हातारी जरा तरुण हवी होती. केली. मग चुलीतला धूर काढून टाका म्हणाले. काढला. धुराशिवाय चूल कशाला, म्हणून चूल गेली. चूल नाही तर ही बाई येथे बसून काय करते, असा प्रश्न कोणी तरी विचारला, आणि बाई गेली. शेवटी पिवळ्या रंगावर एक चकली उरली. तेव्हा गिऱ्हाईक म्हणाले, "छान आहे, पण यात घरपण दिसत नाही."

मी हसलो, तोही हसला. पण हसताना त्याने ती नळी दोनदा ओढली, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. ती म्हातारी त्याची आजी होती. त्याने ती डोळ्यांसमोर ठेवून काढली होती, आणि डब्यावरून ती पुसून टाकण्याचे काम त्यालाच करावे लागले होते. "सर, सोडून द्यावं म्हणतो," तो म्हणाला. "इथे येऊन स्वतःची चित्रं काढीन."

यावर उत्तर देणे सोपे असते तर मी लगेच दिले असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्याच्या गावाकडे निघालो आणि वाटेत पोलादपुरात त्याला थांबायला लावले. येथे कवींद्र परमानंदाची समाधी आहे. गावातून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या मोटारींतल्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल, देव जाणे. नेवाशाचा हा कवी. शिवाजी महाराजांनी आपले चरित्र रचायला सांगितले आणि याने संस्कृतात 'शिवभारत' लिहायला घेतले. असे गिऱ्हाईक पृथ्वीच्या पाठीवर पुन्हा कोणाला मिळायचे नाही. आणि तरी काव्य अपुरे आहे. एकतीस अध्याय पुरे, बत्तिसाव्याचे नऊ श्लोक, आणि तेथेच पोथी थांबते. राज्याभिषेकाची तर गोष्टच नको, त्याच्या पुष्कळ अलीकडे. ही पोथी १९२७ साली स. म. दिवेकरांनी मराठी भाषांतरासह छापून काढली, तोपर्यंत मराठी वाचकाला ती जवळजवळ अज्ञातच होती.

"नऊच श्लोक?" पोराने विचारले. "गिऱ्हाइकाने बदल सांगितले असतील."

मी त्याला दटावले. पण हसू मलाही आवरले नाही.

येथून जवळच, महाड तालुक्यातच, शिवथरघळ आहे. रामदासांनी 'दासबोध' तेथे सांगितला आणि कल्याणाने उतरून घेतला अशी परंपरा आहे. रामदासांना गिऱ्हाईक नव्हते. धबधब्याच्या आवाजात कोणी "जरा गोड करा" म्हटले असते तरी ऐकू आले नसते. एकाच मुलखातली ही दोन माणसे: एक घळीत बसून कोणी न सांगता लिहिणारा आणि एक राजाने सांगितले म्हणून लिहिणारा. लहानपणी मला वाटे, पहिला तेवढा खरा. आता परमानंदाचा अफझलखानवध वाचताना तसे वाटत नाही. सांगून लिहिलेले आहे हे त्यात कोठे दिसत असेल तर ते स्तुतीच्या श्लोकांत दिसते; लढाईच्या श्लोकांत तो सगळे विसरलेला आहे. मात्र हे मी मुलाला सांगितले नाही. त्याऐवजी एका फलकाची हकीकत सांगितली.

२२ जुलै २०२१ चा तो पाऊस आमच्याकडे कोणीही विसरणार नाही. महाड शहर पुराखाली गेले, आणि त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खाली येऊन ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. त्यानंतर कित्येक दिवस वर्गात हजेरी घेताना, एखाद्या नावाला उत्तर आले नाही तर माझा आवाज पुढच्या नावावर जाईना. मुलगा नुसता तापाने घरी असला तरी.

पुढच्या वर्षी एका मंडळाची माणसे माझ्याकडे आली. दरडीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ एका भिंतीवर फलक रंगवायचा होता. मी मजकूर लिहिला. वर तारीख, खाली नावे, नावापुढे वय. आणि शेवटी 'ही माणसे येथे राहत होती' एवढीच ओळ. इतका थोडा मजकूर लिहायला मला आठ दिवस लागले होते. मंडळींनी वाचला. त्यांच्यातला एक पुडी फाडीत म्हणाला, "गुरुजी, हे सपक झालं." 'काळाचा क्रूर घाला' हवा होता, 'अश्रूंची फुले' हवी होती, आणि खाली देणगीदारांची नावे, रकमेच्या क्रमाने. मी दोन दिवस वाद घातला. अखेर घाला आणि फुले मी येऊ दिली नाहीत, देणगीदार आले. असल्या तहात दोन्ही बाजूंना आपण हरलो असे वाटते, तसे आम्हा सर्वांना वाटले.

पेंटर रंगवीत असताना मी शुद्धलेखन तपासायला गेलो. तेथे एक म्हातारी उभी होती. तिला वाचता येत नव्हते. नावे वाचून दाखवा म्हणाली. मी वाचली. एका नावाला तिने मला थांबवले.

"ही कोण, गुरुजी?"

"तुमची नात, आजी. हे तिचं शाळेतलं नाव."

"त्ये न्हाय तिचं नाव," ती म्हणाली. "त्या नावानं तिला कोन हाक मारीत न्हवतं. त्या नावानं हाक मारली तर ती यायची बी न्हाय."

घरातले नाव तिने सांगितले. दोन अक्षरांचे होते. ते येथे लिहीत नाही. ते त्या भिंतीवर आहे. मी पेंटरला कंसात ते घालायला सांगितले. त्याने पट्टी लावून पाहिले आणि ओळ वाढते म्हणाला. ओळ वाढली तर खालची यादी भिंतीबाहेर जाईल. मी म्हटले, जाऊ दे. म्हातारीने चंची सोडली, मशेरीची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी मशेरी लावत नाही. पण त्या दिवशी लावली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूला दुसरा कोणताच स्वाद नसतो.

हकीकत संपली तेव्हा मुलाच्या हातातली नळी नुसतीच हातात होती. तो एवढेच म्हणाला, "सर, मग ती यादी?"

पेंटरने यादी बसवली. पण शेवटच्या देणगीदाराचे नाव त्याला इतके बारीक काढावे लागले की ते वाचायला गुडघे टेकून खाली वाकावे लागते. तेव्हापासून हे गृहस्थ बाजारात भेटले की माझ्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र त्यांचा मुलगा माझ्याकडे येऊन गेला. वडिलांची साठी आहे, मानपत्र हवे आहे, आणि शक्य तर अक्षर जरा ठळक असावे म्हणतो.